घरच्या घरी : चिकटवहीसाठी मापाचे पारदर्शक खिसे



शाळा सुरू झाल्या की आमच्या घरात दरवर्षी दोन गोष्टी हटकून होतात. एक म्हणजे पावसात भिजलेलं दप्तर स्वयंपाकघरात दोरीवर लटकतं, आणि दुसरी म्हणजे रात्री साडेनऊला, ओटा आवरून झाल्यावर, कुणीतरी हळूच सांगतं, "आई, उद्या चिकटवही न्यायची आहे." मी स्वतः अर्धवेळ शिकवते. म्हणजे शाळेत "चिकटवही करून आणा" असं फर्मान सोडणारीही मीच आणि घरी वाळलेल्या डिंकाच्या बाटलीत पाणी घालून काडीनं ढवळत बसणारीही मीच. तक्रार करायची तरी कुणाकडे?

पण चिकटवह्या इतकी वर्षं पाहून माझं एक मत झालं आहे. ज्या वस्तूची आपल्याला खरोखर किंमत आहे, ती चिकटवू नये. डिंक लावला की पान वरवंट्याखालून निघाल्यासारखं वेडंवाकडं होतं, दोन पावसाळ्यांत पिवळं पडतं आणि फोटो काढून घ्यायचा म्हटलं तर त्याची पाठ वहीलाच राहते. मुलांनी वर्तमानपत्रातली चित्रं खुशाल चिकटवावीत. पण आजोबांचं पोस्टकार्ड, मुलाच्या पहिल्या जावळाची बट, बारशाची पत्रिका ह्या गोष्टी खिशात ठेवाव्यात. वाटलं तेव्हा काढता येतात, पुन्हा ठेवता येतात.

खिशांची ही कल्पना माझी नाही. अमेरिकेत युटा राज्यात मेरीलेन क्रिस्टेन्सन नावाची एक गृहिणी होती. तिनं आपल्या कुटुंबाच्या फोटोंची पानं सजवून ती पारदर्शक प्लास्टिकच्या पानांत घालून तीन कड्यांच्या फायलींत लावायला सुरुवात केली. १९८० मध्ये सॉल्ट लेक सिटीला वंशावळी आणि जुन्या नोंदींबद्दल एक मोठी जागतिक परिषद भरली होती, तिथे तिनं असे पन्नासहून अधिक खंड मांडले. लोकांनी इतकं विचारलं की पुढच्याच वर्षी नवराबायकोनं त्यावर पुस्तिका काढली आणि दुकानही घातलं. आता तिकडे ह्या छंदाची बारा इंची चौकोनी पानं आणि तऱ्हेतऱ्हेच्या खिशांची प्लास्टिकं मिळतात. आपल्याकडे स्टेशनरीच्या दुकानात मिळतं ते ए-फोर मापाचं, एका बाजूला भोकांची पट्टी असलेलं, वरून उघडं असं सरसकट एकच पान. दुकानदार त्याला शीट प्रोटेक्टर म्हणतो.

आणि इथंच घोडं अडतं. नाशिककडच्या एका मैत्रिणीचं पत्र आलं आहे. वडिलांनी हॉस्टेलवर पाठवलेली तिची पोस्टकार्डं तिनं अशा पानांत घातली, तर ती सगळी घसरून तळाशी जाऊन पत्त्यांच्या कॅटासारखी एकावर एक बसतात. फाइल उभी केली की वरचा भाग रिकामा आणि खाली फुगवटा! "मापाचे खिसे घरी करता येतील का?" असं तिनं विचारलं आहे. येतात, आणि अगदी सोपे आहेत. शिवणाला दोरा लागतो, इथे उष्णता लागते, एवढाच फरक.

प्लास्टिक उष्णतेनं जोडणं आपल्याला काही नवीन नाही. माझी आई पापडाच्या, मेतकुटाच्या पिशव्या मेणबत्तीवर बंद करायची. करवतीचं जुनं पातं घ्यायचं, पिशवीचं तोंड त्यावर दुमडून कड जेमतेम दोन मिलिमीटर बाहेर ठेवायची आणि ज्योतीवरून न थांबता एका चालीत फिरवायची. थांबलं की भोक, घाई केली की जोड सुटतो. तिचा हात असा बसला होता की बोलता बोलता वीस पिशव्या व्हायच्या. मला अजूनही ते जमत नाही. माझ्या पिशव्यांची तोंडं उंदरानं कुरतडल्यासारखी दिसतात.

मेणबत्तीची ही युक्ती कडेपुरती ठीक आहे. पण आपल्याला पानाच्या मधोमध टीप घालायची आहे, आणि तिथे ज्योत पोचत नाही. बटर पेपर मधे घालून इस्त्रीच्या कडेनं करून पाहा, होतं, पण टीप बोटभर रुंद आणि वाकडी येते. म्हणून सरळ पिशव्या बंद करायचं हातमशीन घ्यावं. बचत गटाच्या बायका मसाल्याच्या पाकिटांना वापरतात तेच. तुमच्या ओळखीत कुणाचा गट असेल तर एका दुपारपुरतं मागून आणा, विकत घेण्याची गरजही नाही. मी तसंच केलं. बदल्यात त्यांना अर्धा तास चिवड्याची पाकिटं बंद करून दिली आणि त्यातच माझा हात बसला. परदेशात ह्या छंदासाठी पेनासारखं तापणारं हत्यारही मिळतं, लोखंडी पट्टीच्या कडेनं ओढलं की टीप पडते. नाजूक, वळणाच्या कामाला ते बरं. सरळ खिशांना आपलं हातमशीनच चांगलं.

मशीन कसं चालतं ते दाखवण्याआधी मला एक गोष्ट सांगायची आहे. ती लिहावी की नाही ह्याचा दोन दिवस विचार केला. शेवटी जिची ती गोष्ट आहे तिलाच विचारलं. माझी धाकटी जाऊ म्हणाली, "लिहा ना ताई. निदान दुसऱ्या कुणाचं तरी वाचेल."

आठ वर्षांपूर्वी तिला पहिल्यांदा दिवस गेले. तिसऱ्या महिन्यात सोनोग्राफी झाली तेव्हा तिला एक छोटं गुळगुळीत चित्र मिळालं. काळ्यावर पांढरं, ढगासारखं, आणि त्यात घेवड्याच्या दाण्याएवढं काहीतरी. तिनं ते सगळ्यांना दाखवलं. सासूबाईंना त्यात काही दिसेना, पण त्यांनीही चष्मा पुसून पुसून पाहिलं. पाचव्या महिन्यात ते बाळ गेलं. आपल्याकडे अशा वेळी घरात जे होतं तेच झालं. चार दिवस सगळे जपून वागले आणि मग कुणी तो विषयच काढला नाही. ते चित्र मात्र घरच्या कागदांच्या फाइलीत राहिलं, रेशनकार्ड आणि वीजबिलांच्या मागे.

वर्षभरानं मी मुलांची प्रमाणपत्रं लॅमिनेशनला द्यायला निघाले होते. फाइल चाळताना ते चित्र हाताला लागलं. कडेनं फिकट झालं होतं. मनात आलं, हे असंच राहिलं तर पुसून जाईल. तिला न विचारता, तिला बरं वाटेल म्हणून, मी ते गठ्ठ्यात घातलं. दुकानात गर्दी होती. प्रमाणपत्रं एकामागून एक मशीनमध्ये गेली, तसं तेही गेलं. दुसऱ्या बाजूनं बाहेर आलं ते कोळशासारखं काळं. चकचकीत, कडक, चारी बाजूंनी पक्कं बंद केलेलं, आणि आत काहीही नाही. तो मुलगाच घाबरला, "काकू, हा कागद कसला होता?" चूक त्याची नव्हती. विचारायला हवं होतं ते मी, आणि त्याला नव्हे.

तो कागद कसला होता हे मला नंतर कळलं. त्यावर शाई नसतेच. कागदाला रसायनाचा थर असतो आणि यंत्राचं तापलेलं टोक जिथे लागतं तिथे तो काळा होतो. छपाई म्हणजे तेवढंच. मग असा कागद लॅमिनेशनच्या गरम रुळांतून गेला की सगळाच काळा होणार. एटीएमच्या चिठ्ठ्या, दुकानातली गुळगुळीत बिलं, पेट्रोलपंपाच्या पावत्या सगळ्या ह्याच जातीच्या. ओळखायची खूण सोपी आहे. असल्या एखाद्या टाकाऊ बिलावरून नख जोरात ओढा, करडी रेघ उमटते. उमटली तर तो कागद गॅसजवळ, उन्हात, इस्त्रीखाली कुठेही जाता कामा नये. फ्रिजच्या गॅरंटीचं बिल असल्या कागदावर असेल तर आणल्या दिवशीच त्याची झेरॉक्स काढा. दोन वर्षांनी कोरा कागद दाखवून गॅरंटी मागणाऱ्या आपण एकट्याच नसतो!

घरी येऊन मी ते तिच्या हातात दिलं. तिनं उलटून पालटून पाहिलं, "राहू द्या ताई," म्हणाली आणि स्वतःच्या कपाटात ठेवून दिलं. त्यानंतर कितीतरी वर्षं आम्ही दोघींनीही त्याचं नाव काढलं नाही.

तेव्हापासून उष्णतेच्या कुठल्याही कामात माझा एकच नियम आहे, तो तुम्हीही कपाटाच्या दाराच्या आत लिहून ठेवा. आधी रिकामा खिसा करायचा, तो गार झाला की मगच वस्तू आत घालायची. वस्तू आत ठेवून भोवतीनं टीप घालणं झटपट होतं, दिसतंही छान. पण एकदा हात हलला तर टीप फोटोवरूनच जाते. दुसरं, निदान एक बाजू उघडी राहिलीच पाहिजे. जी गोष्ट परत काढता येत नाही ती आपण जपलेली नसते, बाटलीबंद केलेली असते.

बरं, आता कामाला लागू.

पहिलं पाहायचं ते प्लास्टिक. पाकिटावर किंवा पानाच्या कोपऱ्यात त्रिकोणात आकडा असतो, तो चष्मा लावून शोधा. ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, २ आणि ४ म्हणजे पॉलिथिन. ही तिन्ही चालतात. ३ असेल तर तो पीव्हीसी, तो घेऊ नका. आकडा नसेल तर वास घ्या. नव्या रेनकोटसारखा, रेक्झिनसारखा उग्र वास येत असेल आणि पान मऊ, जड, हाताला चिकटणारं असेल तर बहुधा पीव्हीसीच. तो मऊ राहावा म्हणून त्यात तेलकट द्रव्य घातलेलं असतं, ते हळूहळू बाहेर येतं. तुमच्या जुन्या फायलींत मार्कलिस्टच्या झेरॉक्सची अक्षरं प्लास्टिकला उलटी चिकटलेली पाहिली असतील, ते त्याचंच काम. मघाशी सांगितलेल्या बिलाच्या कागदावरची अक्षरं तर ते पुसूनच टाकतं. शिवाय पीव्हीसी फार तापला की आम्लाची वाफ निघते, ती नाकाडोळ्यांना आणि मशीनलाही वाईट. १ आकड्याचं पॉलिएस्टर कागद जपायला उत्तम असतं, पण ते वितळायला अडीचशे अंशांच्या आसपास उष्णता लागते, आपलं हातमशीन तिथे हात टेकतं. मोठ्या ग्रंथालयांत त्यासाठी वेगळी यंत्रं असतात.

पॉलिथिन साधारण ११० अंशांना मऊ पडून जुळतं, पॉलिप्रॉपिलीनला १६० च्या वर लागतात. म्हणून एका प्रकारच्या पानावर बसवलेला आकडा दुसऱ्याला चालत नाही.

मशीन घेताना आठ इंची स्वस्त पडतं म्हणून घेऊ नका. आठ इंच म्हणजे जेमतेम वीस सेंटिमीटर, आणि ए-फोर कागदच एकवीस सेंटिमीटर रुंद असतो. प्लास्टिकचं पान त्याहून दोनेक सेंटिमीटर जास्त. आडवी टीप एका दाबात बसायची तर बारा इंची हवं. उभी टीप मात्र बारा इंचीलाही किंचित लांब पडते, ती दोन दाबांत घालायची, मधे थोडी एकमेकींवर चढवून. ब्लाउजच्या शिवणीला आपण उलट टाके देतो, तसंच.

मशीनच्या खालच्या भागात एक चपटी तार असते आणि तिच्यावर तपकिरी पांढुरकं टेफ्लॉनचं कापड. वरचा दांडा दाबला की तेवढ्यापुरता तारेतून वीजप्रवाह जातो, लाल दिवा लागतो, आणि लावलेल्या आकड्याप्रमाणे एक-दोन सेकंदांत आपोआप विझतो. इथेच बहुतेकींची चूक होते. दिवा विझला की दांडा उचलतात. तसं करू नका. विझल्यावर मनात एक, दोन, तीन म्हणा आणि मग उचला. टीप दाबाखाली गार झाली तरच घट्ट बसते, नाहीतर ओल्या चिकटवलेल्या पाकिटासारखी सुटून येते.

आकडा कधीही अंदाजानं लावू नका. त्याच प्लास्टिकचा एक तुकडा घेऊन दोनपासून सुरुवात करा. टीप घाला, गार होऊ द्या, दोन्ही हातांनी ओढा. सुटली तर आकडा अर्ध्यानं वाढवा. टीप सुरकुतली, पारदर्शक पडून भोकं दिसू लागली, तर जास्त झालं. माझ्या पानांना साडेतीन लागला, तुमच्या मशीनला कदाचित दुसराच लागेल. आणि दहा-पंधरा दाब झाले की मशीनला जरा उसंत द्या. आपण चहा ठेवावा. तार सारखी तापत राहिली की शेवटच्या टिपा जळक्या येतात.

आता आखणी. प्लास्टिकवर पेननं रेघा ओढू नका, त्या जात नाहीत. एका पुठ्ठ्यावर किंवा जाड कागदावर पानाच्या मापाचा आराखडा काढा आणि तो प्लास्टिकच्या आत सरकवा. रेघा आरपार दिसतात. दोन्ही कडांना, जिथे रेघ संपते तिथे, सुईच्या टोकाएवढी खूण करा आणि टीप घालण्याआधी आराखडा आठवणीनं बाहेर काढा. (मी एकदा विसरले. पुठ्ठा पानात कायमचा राहिला. मुलीनं त्यावर मांजर काढलं, म्हणून फुकट गेलं नाही.)

मापं घेताना वस्तूभोवती चारी बाजूंनी तीन-चार मिलिमीटर सैल ठेवा. पोस्टकार्ड १४ सेंटिमीटर लांब आणि ९ सेंटिमीटरला किंचित कमी रुंद असतं. म्हणजे खिसा साधारण पंधरा बाय साडेनऊ करावा. नेहमीचा चार बाय सहा इंची फोटो दहा बाय सव्वापंधरा सेंटिमीटरचा, पासपोर्ट फोटो साडेतीन बाय साडेचार. टीप स्वतः दोन मिलिमीटर जागा खाते, ती धरायला विसरू नका.

समजा नाशिकच्या मैत्रिणीला एका पानात तीन पोस्टकार्डं आडवी, एकाखाली एक ठेवायची आहेत. पान वरून उघडं आहे. तळापासून साडेनऊ सेंटिमीटरवर एक आडवी टीप आणि तिच्यावर तेवढ्याच अंतरावर दुसरी, अशा दोन टिपा घाला. तीन कप्पे झाले. सगळ्यात वरच्याला पानाचं स्वतःचं तोंड आहे. खालचे दोन मात्र बंद झाले, त्यांना तोंड कापून द्यायचं. कापण्याआधी पानाच्या आत काहीतरी कडक घालायला हवं, नाहीतर पुढच्याबरोबर मागचाही थर कापला जाईल. पण बंद कप्प्यात पुठ्ठा घालणार कुठून? म्हणून क्रम उलटा ठेवायचा. टिपा घालण्याआधीच लांब पुठ्ठा वरून पानात सरकवा, जिथे टीप येणार त्या रेघेच्या तीन मिलिमीटर खाली कटरनं फक्त पुढचा थर आडवा कापा, दोन्ही टोकांना सेंटिमीटरभर न कापता सोडा. पुठ्ठा काढा. मग रेघेवर टीप घाला. हा क्रम मला चार पानं वाया घालवल्यावर सुचला, तुम्हाला फुकट देते आहे.

एकाच पानात लहान मोठ्या वस्तू असतील तर उभ्या टिपाही घालता येतात. आधी आडव्या, मग उभ्या. मशीनच्या दांड्याखालून पान आरपार सरकतं, त्यामुळे मधोमध टीप घालायला अडचण येत नाही. फक्त उभी टीप नको तिथून जाईल तिथे ती आधीच थांबवावी लागते. त्यासाठी तारेच्या उरलेल्या भागावर बटर पेपरची चार घड्यांची पट्टी पानाच्या दोन थरांच्या मधे सारा, तेवढ्यात जोड होत नाही. रिकाम्या तुकड्यावर आधी करून पाहावं हे बरं.

मुलांच्या कामाला तर ह्या खिशांची फार मजा आहे. आमच्या चौथीच्या वर्गानं पानांचा संग्रह केला, पिंपळ, आपटा, कांचन, जास्वंद. डिंकानं चिकटवलेली पानं आठवड्यात भुगा होतात, खिशातली वर्षभर राहतात. पण हिरवं पान सरळ खिशात घालून बंद केलं की आत वाफ धरते आणि बुरशी येते. आठ दिवस वर्तमानपत्रात, वर जातं किंवा जाड पुस्तकं ठेवून वाळवावं, रोज कागद बदलावा. मोराचं पीस, शंख, बियांचे नमुने, सहलीचं तिकीट काहीही ठेवा. तिकीट गुळगुळीत असेल तर नखाची खूण आठवा! एकच गोष्ट ठेवू नका, रंगीत खडूची चित्रं. प्लास्टिक घासलं की त्यात वीज साठते आणि ते खडूची पूड ओढून घेतं. चित्र प्लास्टिकवर आणि कागद कोरा, असं होतं.

मशीन मुलांच्या हातात देऊ नका, हे सांगायला नकोच. पाचवी-सहावीतल्या मुलांकडून आखणी आणि मोजमाप करून घ्यावं, गणिताचा तासही होतो. खिडकी उघडी ठेवा, हात कोरडे ठेवा, काम झालं की प्लग काढा. टेफ्लॉनचं कापड करपलं की प्लास्टिक त्याला चिकटू लागतं. नवं घेताना मशीनसोबत बहुधा जास्तीची तार आणि कापड येतं, ती पुडी फेकून देऊ नका.

फोटोंबद्दल थोडं वेगळं सांगायला हवं, विशेषतः कोकणातल्या आणि मुंबईतल्या मैत्रिणींना. जुन्या फोटोच्या पुढच्या बाजूला जिलेटिनचा थर असतो. दमट हवेत तो फुगून मऊ पडतो आणि गुळगुळीत प्लास्टिकला चिकटतो. मग सोडवायला गेलं की चेहराच निघून येतो. म्हणून हे काम श्रावणात करू नका. दिवाळीनंतर, हवा कोरडी झाली की करा. खिसा सैल ठेवा, फाइल उभी ठेवा, एकावर एक दडपून ठेवू नका. फोटोच्या पाठीमागे हातकागदाचा तुकडा घातला तर उत्तम, तो थोडी ओल शोषून घेतो. चिंध्यांपासून केलेला असा कागद पुण्यात शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत १९४० पासून तयार होतो. जुन्या वहीचा पिवळा पडलेला कागद मात्र चालणार नाही, त्यातलं आम्ल फोटोला लागतं.

एका मैत्रिणीनं विचारलं आहे की प्लास्टिक कमी करा म्हणतात आणि तुम्ही नवीन प्लास्टिक घ्यायला सांगता. प्रश्न रास्त आहे. महाराष्ट्रात २०१८ मध्ये प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली तेव्हा मीही पिशव्यांचं कपाट रिकामं केलं. पण अर्ध्या तासात फेकायची पिशवी वेगळी आणि तीस वर्षं ठेवायचं पान वेगळं. शिवाय वरून फाटलेली, भोकांची पट्टी निघालेली जुनी पानं प्रत्येक घरात पडलेली असतात. फाटका भाग कापून टाकून उरलेल्याचे लहान खिसे छान होतात. माझे पहिले सगळे खिसे तसेच झाले.

गेल्या महिन्यात ते मागून आणलेलं मशीन घरात होतं, तेव्हा धाकटी जाऊ तिच्या मुलाला घेऊन आली. तो आता पहिलीत आहे. त्याच्या चिकटवहीचे खिसे करून झाले, तो अंगणात पळाला. मी प्लग काढायला उठले तर ती म्हणाली, "ताई, अजून दोन होतील का?" पर्समधून तिनं ते काढलं. काळं, कडक, सात वर्षांपूर्वी मी तिच्या हातात दिलं होतं तेच. एका कोपऱ्याला लॅमिनेशन थोडं सुटलं होतं.

मी माप घेतलं. हात जरा थरथरला, म्हणून पहिली टीप तिरकी गेली आणि तो तुकडा टाकून दुसरा घेतला. रिकामा खिसा केला, गार होऊ दिला. आत तिनंच ठेवलं.

दुसरा खिसा कशाला हवा होता ते तिनं मग दाखवलं. मुलाच्या वेळचं सोनोग्राफीचं चित्र, तसंच छोटं, तसंच कडेनं फिकट झालेलं. मी मशीनपासून लांब सरकून हात मागे घेतले.

"घाबरू नका," ती म्हणाली, "ह्याची मी फोटोच्या कागदावर कॉपी काढून ठेवली आहे. दोन काढल्यात. तुमचा काही भरवसा नाही." आणि हसायला लागली, मग मीही.